होमस्कूलिंग आणि हस्ताक्षर : मुलांसाठी कुठला प्रोग्रॅम घेऊ?

रानजाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या. आम्ही डॅलसजवळ राहतो आणि ऑगस्टपासून दोन्ही मुलांचं होमस्कूलिंग सुरू केलंय, लेक सहाची, मुलगा साडेआठचा. का सुरू केलं हा इथला विषय नाही, त्यावरून आधीच्या धाग्यांवर पुरेशी धुणी धुऊन झालीत, ती प्लीज इथे नकोत. टेक्सासमध्ये नियम फारसे नाहीत, वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकशास्त्र एवढं शिकवा म्हणतात, हस्ताक्षर त्या यादीत नाहीच, म्हणजे विचारणारं कोणी नाही आणि सांगणारंही कोणी नाही. गणिताचं, वाचनाचं ठरलं, पण हस्ताक्षरापाशी गाडी अडकलीये.

लेक स्मॉल अक्षरं सगळी खालून वर काढते, बी आणि डीची अदलाबदल तर रोजची. लांबून बघितलं तर अक्षर बरं दिसतं म्हणून शाळेत कोणी टोकलं नसावं. मुलगा डावखुरा. तोंडी विचारा, धडाधड सांगेल, पण लिहायला दिलं की तिसऱ्या ओळीला हात दुखतो, पेन्सिल इतकी आवळून धरतो की नखं पांढरी पडतात. वर आम्हाला दोघांना मराठीही लिहायला शिकवायचंय, रविवारी मंडळाच्या मराठी शाळेत जातात पण तिथे आठवड्यातून एकदा, त्यात लिहिणं कितीसं होणार.

आता इथल्या ग्रुपवर विचारलं तर कोणी म्हणतं हँडरायटिंग विदाउट टिअर्स, कोणी झेनर-ब्लोझर, कोणी डी'नीलियन, कोणी इटॅलिक, एक बाई तर म्हणाल्या प्रिंट (सुटी अक्षरं) शिकवूच नका थेट कर्सिव्ह (जोडून लिहायची अक्षरं). प्रत्येकाचं किट, टीचर्स गाइड, अ‍ॅप, खर्च वाढतच जातो. कोणी वापरलंय का? आणि दोन लिप्या एकदम चालतात का की गोंधळ होतो?

हळदीकुंकू

रुमाल टाकून ठेवते. आमची पण पुढच्या वर्षी पहिली.

खिडकीतली_मांजर

रानजाई, मी बे एरियात, मोठा आता सहावीला, धाकटी तिसरीला, दोघंही घरीच. तुला कोणी नीट फरक सांगितलेला दिसत नाही म्हणून आधी तेवढं सांगते मग माझं मत.

झेनर-ब्लोझर ही ओहायोतली १८८८ पासूनची जुनी मंडळी, सरळ उभी अक्षरं, शाळेच्या भिंतीवर तक्त्यात असतात तशी, वर-खाली सलग रेघ आणि मध्ये तुटक रेघ. डी'नीलियन १९७८ साली आलं, मिशिगनच्या एका शिक्षकाने काढलेलं, अक्षरं जरा तिरकी आणि प्रत्येकाला खाली शेपटी, म्हणजे पुढे कर्सिव्हला जाताना शेपट्या जोडल्या की झालं अशी कल्पना. कागदावर फार छान वाटतं पण सहा वर्षांच्या मुलाला त्या शेपट्यांचाच जास्त त्रास होतो असं माझं मत, आणि पुस्तकातलं छापील अक्षर तर तसं नसतंच. इटॅलिक म्हणजे गेटी-डुबे, पोर्टलंडच्या दोघी कॅलिग्राफर बायकांचं, त्यात कर्सिव्हचे लूप्स नाहीतच, प्रिंटच हळूहळू जोडत न्यायचं, त्यामुळे मधे सगळं नव्याने शिकायची भानगड नाही. आम्ही हेच वापरलं. मोठ्याचं अक्षर बघून लोक विचारतात.

कर्सिव्हचं म्हणशील तर २०१० च्या कॉमन कोअरमध्ये, म्हणजे बऱ्याच राज्यांनी मिळून घेतलेल्या शालेय निकषांत, कर्सिव्ह नव्हतंच म्हणून बऱ्याच राज्यांत मधली दहा वर्षं मुलं शिकलीच नाहीत, आता वारं उलटं फिरलंय. आमच्याकडे कॅलिफोर्नियात २०२३ मध्ये कायदा झाला, पहिली ते सहावी कर्सिव्ह शिकवायचं. तुमच्या टेक्सासच्या पब्लिक स्कूलमध्ये तर दुसरीपासूनच आहे, म्हणजे मुलाने थोडंफार बघितलं असेल. होमस्कूलिंगला यातलं काहीच बंधनकारक नाही, नुसतं माहितीसाठी.

आणि किट घेऊ नकोस!! एक वही घे फक्त. बहुतेक सगळ्यांची सॅम्पल पानं मिळतात, ती प्रिंट करून दोघांना दे आणि तू शेजारी बसून हात बघ, पान बघू नकोस.

खवचट

एक भाबडा प्रश्न. तुम्ही मंडळी शेवटचं पेनाने कधी लिहिलं? मी चेकवर सही करतो, तीही आता बँक जुळत नाही म्हणते. पोरांना टायपिंग शिकवा आणि तो वेळ खेळायला द्या.

स्वैरपाखरू

खवचट, आमच्याकडे पुण्यात तसं म्हणून भागत नाही हो. आम्ही पण घरीच शिकवतो, लेक दहा वर्षांची. इकडे होमस्कूलिंगवाले बरेच जण पुढे एनआयओएसला (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) जातात, त्यांच्या तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या परीक्षा असतात आणि मग दहावी. आणि दहावीचा पेपर म्हणजे तीन तास, हाताने, पुरवण्या लावत. चौदा वर्षं टॅबवर वाढलेलं मूल तिथे एकदम बसवलं तर अर्ध्या तासात मनगट धरून बसेल. तेव्हा अमेरिकेतल्यांना सुंदर अक्षर हवं असेल, आम्हाला वाचता येईल असं आणि वेगात हवं. रानजाई, तुम्ही परत यायचा विचार करताय का यावरही थोडं अवलंबून आहे.

आम्ही प्रोग्रॅम कुठलाच घेतला नाही. सुरुवातीला वाळूकागदाची अक्षरं घरीच कापून केली, बोटाने फिरवायची. मॉन्टेसरीचं साधन, पण आपल्याकडे काही नवीन नाही, ताराबाई मोडकांनी १९२६ साली गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बालशिक्षण संघ काढला, पुढे या पद्धतीची बालवाडी मराठीतही आणली, मग त्यांनी आणि अनुताई वाघांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी स्थानिक वस्तूंतून साधनं केली. कवड्या, बिया, खडे. पैसे लागतातच असं नाही एवढाच मुद्दा.

त्यानंतर नुसतं उतरवून काढणं. रोज चार ओळी, चांगल्या पुस्तकातल्या, दहा मिनिटं. आणि खरं लिहायची कामं, वाण्याची यादी तिचीच, फ्रीजमधल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या तिच्याच. एकदा 'मेथी' ऐवजी 'मेथा' लिहिलं तर आजोबांनी दिवसभर मेथासाहेब कुठे आहेत म्हणून पिडलं, तेव्हापासून वेलांट्या जागेवर :)

चिमटा

धागा आत्ता बघितला. मी ठाण्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे, मुलांना लिहिण्यासारखी रोजची कामं जमावीत म्हणून मदत करते, दिवसभर हेच बघते त्यामुळे लांबण लागणार आहे.

प्रोग्रॅमच्या आधी दोन गोष्टी बघ, फुकटच्या आहेत. खुर्चीवर बसल्यावर मुलांचे पाय पूर्ण टेकतात का आणि टेबल कोपराच्या जरा वर आहे का. डायनिंग टेबलवर मोठ्यांच्या खुर्चीत पाय लोंबकळत बसलेलं मूल आधी स्वतःला सावरतं मग अक्षराला. पायाखाली पाट ठेव. दुसरं, पेन्सिल तोकडी दे, दोन-अडीच इंचाची, तोकडी पेन्सिल मुठीत धरता येतच नाही. नवीकोरी लांब पेन्सिल आणि वर त्याला फुलाफुलांचा रबर हे सगळ्यात वाईट. तीन बोटांत धरलीये की चार बोटांत यावर आम्ही लोक आता फारसे भांडत नाही, दोन्हीने लिहिता येतं, बोटं हलतायत की अख्खा हात खांद्यापासून हलतोय ते बघायचं.

तुझ्या लेकीचं खरं दुखणं खालून वर काढणं हे आहे. दिसायला अक्षर ठीक येतं म्हणून पालक सोडून देतात आणि तिसरी-चौथीत वेग लागला की सगळं कोसळतं, कारण प्रत्येक अक्षर तिच्यासाठी चित्र आहे, दर वेळी नव्याने काढायचं. हाताला वळण लागलेलं नाही. म्हणून निवडताना अक्षर दिसतं कसं यापेक्षा शिकवतात कुठल्या क्रमाने ते बघ. हँडरायटिंग विदाउट टिअर्स मी इथे इंग्रजीसाठी वापरते, ते एका अमेरिकन ओटीनेच काढलंय. त्यात अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने नाहीत, हालचालीच्या क्रमाने आहेत. आधी कॅपिटल, सगळी वरून सुरू. मग स्मॉलमध्ये सी पक्का करून घेतात आणि त्यातूनच ए, डी, जी काढतात. डी म्हणजे आधी सी, मग वर जाऊन खाली. बी मात्र वरून खाली दांडी, मग पोट. दोघांची सुरुवातच वेगळी झाली की अदलाबदल बरीच आपोआप कमी होते, 'डोळे उघडून बघ, कुठल्या बाजूला पोट' असं शंभरदा सांगून होत नाही. दोनच रेघा असतात, चार नाहीत. दिसायला तितकं देखणं नाही, मांजरबाईंच्या इटॅलिकपुढे तर अगदीच बालिश, पण पहिलीच्या मुलीला मी तेच देईन.

त्यांचं किट मात्र नको. त्यात लाकडाच्या मोठ्या-छोट्या पट्ट्या आणि अर्धगोल असतात, पुठ्ठ्याचे कापून चालतात. आणि एक छोटा काळा फळा असतो, बाईंनी खडूने अक्षर काढायचं, मुलाने ओल्या स्पंजच्या तुकड्याने त्यावरून फिरवायचं, मग कोरड्या कागदाने, मग स्वतः खडूने. ओळखीचं वाटतंय का? आपली पाटी आहे ती, डॉलर देऊन परत घ्यायची.

आणखी एक. ज्या पुस्तकात पानंच्या पानं ठिपक्यांची अक्षरं गिरवायची असतात ते परत शेल्फवर ठेव. इंडियाना विद्यापीठात २०१२ साली पाच वर्षांच्या, वाचता न येणाऱ्या मुलांवर अभ्यास झाला होता, काहींनी अक्षर स्वतः काढलं, काहींनी गिरवलं, काहींनी टाइप केलं, नंतर एमआरआयमध्ये अक्षरं दाखवली. वाचताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात ते स्वतः काढलेल्या अक्षरांना जागे झाले, गिरवलेल्यांना आणि टाइप केलेल्यांना तसे नाही. लहान अभ्यास होता, पण आमच्या रोजच्या कामात दिसतं तेही हेच. गिरवताना मूल ठिपक्याकडे बघतं, अक्षराकडे नाही. एकदा-दोनदा गिरवा, मग बघून काढा, मग न बघता. खवचट, तुमच्या टायपिंगचंही उत्तर यातच आलं, पण आठ-नऊ वर्षांनंतर टायपिंग शिकवायला माझी काहीच हरकत नाही.

मुलाचं वेगळं आहे. साडेआठला तीन ओळींत हात दुखणं, तोंडी आणि लेखीत एवढी तफावत, यात मी नवीन वही आणायच्या आधी कोणाला तरी दाखवेन. डिसग्राफिया (लिहिण्यातली अडचण) असेलच असं नाही, नुसती पकड पण असू शकते, पण घरी बसून कळणार नाही. अमेरिकेत होमस्कूलिंगच्या मुलांसाठीही स्कूल डिस्ट्रिक्टकडे (तिथल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) तपासणीची लेखी मागणी करता येते, पैसे पडत नाहीत. ईमेल कर, तोंडी नको. तोवर त्याचे गोष्टी-निबंध तो सांगेल आणि तू लिही, हस्ताक्षर वेगळं दहा मिनिटं.

रानजाई

चिमटा, किती नीट लिहिलंस गं, थँक्यू. तपासणीचं मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं शाळेतून काढलं की संबंध संपला. पाय लोंबकळतात दोघांचेही, आत्ता जाऊन बघितलं.

डावखुरी_मी

चिमटाच्या सगळ्याला +१, पण डावखुऱ्यांचं आमच्यापैकी कोणीतरी सांगायला हवं. मला पहिलीत बाईंनी पेन्सिल काढून उजव्या हातात दिली होती, आई भांडून आली म्हणून वाचले. तर.

वही सरळ समोर ठेवायची नाही, अंगाच्या जरा डावीकडे ठेवायची आणि घड्याळाच्या दिशेने तिरकी फिरवायची, डावा वरचा कोपरा वर जायला पाहिजे. हे कोणी सांगितलं नाही की मूल मनगट आकड्यासारखं वळवून वरून लिहायला लागतं, म्हणजे लिहिलेलं दिसावं म्हणून, आणि मग हात दुखणारच. पेन्सिल टोकापासून इंचभर तरी वर धरायची. स्पायरल वही आणू नका, तार नेमकी आमच्या मनगटाखाली येते, वरून उलटायचं पॅड आणा. जेल पेन तर विसराच, सगळं करंगळीला लागतं.

पुस्तकं बघताना नमुना कुठे छापलाय ते बघा. बहुतेकांत डावीकडे, म्हणजे मी हात ठेवला की झाकला जाणार, मग मूल आठवून लिहितं आणि तुम्ही म्हणता लक्ष नाही. हँडरायटिंग विदाउट टिअर्समध्ये उजवीकडेही नमुना देतात, त्यामुळे डावखुऱ्यांना ते बरं पडतं. बाकी कुठलं घेतलंत तर उजव्या समासात नमुना स्वतः लिहून द्या, हाकानाका.

मराठीत अजून एक. आम्ही शिरोरेघ उजवीकडून डावीकडे ओढतो, तशीच ती सरळ येते. इंग्रजी टीची आडवी रेघ पण तशीच. कोणी 'चुकीची दिशा' म्हणून टोकलं तर सोडून द्या, कागदावर कोणाला कळणारे.

पणजीकर

दोन लिप्यांचं विचारलंय म्हणून. आमच्या गोव्यात मराठी नि कोंकणी दोन्ही देवनागरीतच, प्राथमिकला शिवाय इंग्रजी आहेच. हात एकदा बसला की पोरं दोन लिप्या सहज ओढतात. गोंधळ अक्षरांचा नाही होत, आकड्यांचा होतो. आमची धाकटी मराठी एक काढायची तो इंग्रजी नऊ दिसायचा, आणि मराठी चार म्हणजे इंग्रजी आठच, मग बेरजा काय बरोबर येणार. गणित एकाच आकड्यांत ठेवा.

मास्तर_सातारकर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो, नातू बोस्टनला आहे, त्याला व्हिडिओ कॉलवर शिकवतो. इंग्रजीतले ते प्रोग्रॅम मला ठाऊक नाहीत. पण चिमटाताईंनी सांगितलेला हालचालीचा क्रम वाचून बरं वाटलं, कारण मराठीत आम्ही तेच करत आलो. अ आ इ ई पासून लिहायला सुरू करायचंच नाही, अ हे लिहायला अवघड अक्षर आहे. ग म भ न पासून करायचं. मग र स ख, व ब क, प ष फ, ट ठ ढ अशी घराणी घ्यायची. व आला की त्याचं पोट कापलं की ब, कान काढला की क. तीन अक्षरं एका हालचालीत.

आता दोन लिप्यांबद्दल. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं आणि आपलं अक्षर वरच्या रेघेला लटकतं. मुलाला हे आधी तोंडाने सांगा आणि बोटाने दाखवा. नातवाला मी चार दिवस सांगत होतो, अक्षरं वर-खाली नाचायची, मग लक्षात आलं की तो मराठीही खालची रेघ धरून लिहितोय. त्यासाठी वह्याही वेगळ्या ठेवा, मराठीला दुरेघी, इंग्रजीला तिच्या रेघांची. एकाच वहीत दोन्ही नको.

अक्षर काढायचा क्रम असा. डावीकडचा भाग आधी, मग उभा दांडा वरून खाली, आणि शिरोरेघ सगळ्यात शेवटी, शब्द पुरा झाल्यावर, एका दमात. प्रत्येक अक्षराला वेगळी टोपी घालू देऊ नका, शब्द तुटतात आणि वेग कधीच येत नाही. काना, मात्रा, वेलांटी अक्षरासोबतच, शिरोरेघेनंतर नव्हे, नाहीतर मुलं मात्रा विसरतात.

पुस्ती घेताना सावध राहा. ऑनलाइन देवनागरी म्हणून जी पुस्तकं परदेशात मिळतात ती बहुतेक हिंदीची असतात. त्यात ळ नसतो. ल आणि श हिंदी वळणाचे असतात. आपल्याकडे २०२२ च्या शासन निर्णयातही पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठी वळण सांगितलं आहे. आजीचं पत्र वाचता यायला हवं असेल तर मराठी पुस्तीच मागवा, इथे कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते, कोणी येणारं असेल त्यांच्या बॅगेत चार टाका. जोडाक्षरांबाबतही घरात एकच ठरवा. नव्या पाठ्यपुस्तकांत 'विद्या'तला द पाय मोडून वेगळा छापतात, आम्ही द्य एकत्र काढायचो. वाचता दोन्ही यावं, लिहायला मी एकत्रच शिकवतो, हा माझा हट्ट समजा.

आणि पाटी दगडी घ्या. प्लॅस्टिकच्या पाटीवर पेन्सिल घसरते. दगडी पाटीवर पेन्सिलीला अडकाव लागतो, त्याने हातात जोर येतो. कर्र आवाज सहन करावा.

खवचट

मास्तर, त्या आवाजानेच मी कीबोर्डकडे वळलो. बाकी प्रतिसाद एक नंबर.

खिडकीतली_मांजर

चिमटा, पहिलीच्या मुलीला विदाउट टिअर्स हे मान्य. पण ती सरळ उभी कर्सिव्ह पुढे तिसरीत शिकवतात ती मला अगदी लाकडी वाटते. पहिली-दुसरी त्यांचं आणि मग इटॅलिकवर उडी असं चालेल का?

चिमटा

चालेल की. वरून सुरू करायची सवय लागली की पुढे कुठलीही लिपी घ्या. पण दर वर्षी नवीन प्रोग्रॅम असं नको, होमस्कूलिंगच्या ग्रुपवर ही साथ आहे, नोव्हेंबरपर्यंत वही आवडत नाही आणि जानेवारीत नवी येते. थेट कर्सिव्हवाल्या बाईंचंही चुकीचं नाही तसं, काही मुलांना चांगलं जमतं, पण तुझी लेक प्रिंट आधीच लिहितेय, मोडून परत कशाला.

रानजाई

दोन दिवसांनी येतेय, सगळ्यांचे प्रतिसाद नवऱ्यालाही वाचून दाखवले. तर ठरलं ते असं. लेकीला विदाउट टिअर्सचं पहिलीचं एक पुस्तक मागवलंय, बाकी काही नाही, पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्यात आणि त्यातून तिने अक्षरांऐवजी घरंच बांधलीत पण असू दे. आई डिसेंबरमध्ये येतेय, तिला दगडी पाटी, दुरेघी वह्या आणि पुस्ती सांगितल्या, ती म्हणाली अमेरिकेला पाटी घेऊन जाणारी मी पहिलीच असेन.

मुलासाठी डिस्ट्रिक्टला ईमेल केलं, उत्तर यायचंय. तोवर नवीन काही नाही. पॅड आणलं, तिरकं ठेवलं, टेपने टेबलावर तिरकी चौकट चिकटवून दिली म्हणजे रोज सांगायला नको. त्याला कर्सिव्ह मात्र शिकायचंच आहे कारण बहिणीला वाचता येत नाही. डायनासोरवर त्याने सांगितलं, मी लिहिलं, दोन पानं झाली! त्यातल्या आवडीच्या तीन ओळी त्याने स्वतः उतरवून काढल्या.

आता मास्तर, तुम्हाला एक विचारायचंय. लेकीने शिरोरेघ एका दमात ओढायची हे फारच मनावर घेतलंय, सरळ शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढते. त्यामुळे भचा म होतोय आणि धचा घ. काल 'धर' लिहायला सांगितलं तर 'घर' झालं, 'भात'चा 'मात'.

खवचट

'ध' चा 'मा' ऐकला होता, 'ध' चा 'घ' म्हणजे आनंदीबाईंच्या वरताण.

मास्तर_सातारकर

रानजाई, काही बिघडलं नाही. भ, ध आणि थ यांच्या डोक्यावर रेघ पूर्ण नसते, हे तिला वेगळं शिकवा. आधी अक्षराची वरची गाठ काढून घ्यायची, रेघ ओढताना गाठीपाशी पेन्सिल उचलायची आणि दांड्याजवळ पुन्हा टेकवायची. सुरुवातीला या तीन अक्षरांच्या गाठीवर तुम्ही लाल पेन्सिलीने बारीक टिंब देऊन ठेवा, टिंब आलं की उचल. शब्द द्या भात, मात, धन, घन, थर, यम असे मिसळून, आणि तिने लिहिलेलं तिलाच मोठ्याने वाचायला लावा. आठवडाभरात टिंबं काढून टाका.

डावखुरी_मी

आणि मुलगा उजवीकडून रेघ ओढत असेल तर त्याचं टिंब दांड्यापाशी द्या, त्याला दांडा आधी भेटतो.

हळदीकुंकू

धागा निवडक दहात टाकला. मास्तर, दगडी पाटी पुण्यात नक्की कुठे मिळेल हल्ली? आमच्या इथल्या दुकानात सगळ्या प्लॅस्टिकच्या.

स्वैरपाखरू

बोहरी आळीत किंवा मंडईच्या मागच्या बाजूला विचार, मला मागच्या जूनला मिळाली होती. लाकडी चौकटीची मागा म्हणजे दाखवतात. नाही मिळाली तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, आमची एक जास्तीची आहे.